एक जण कमी

१

रमजानात ऊन कललं की आमच्या मनाखिल गल्लीत लांबलचक टेबलं मांडली जातात. दोन्ही बाजूंच्या घरांना लाल-निळ्या ठिगळकामाच्या कनाती बांधतात, वर दिव्यांच्या माळा सोडतात आणि येईल त्याला फुकट जेवायला घालतात. खाटीक मटण देतो, वाणी तांदूळ देतो. कैरोत एरवी कुणाला तहानेला पाणीही न विचारणारी माणसं या महिन्यात पातेली भरभरून पुण्य पदरात पाडून घेतात. मी तिथे पुण्यासाठी उभा राहत नसे. मी माणसं मोजायला उभा राहत असे.

माझी नोकरीच तशी. नाईलच्या पलीकडे एक संशोधन संस्था आहे आणि डॉक्टर इनायात तिच्या प्रमुख. बाईंचं म्हणणं असं, की हवामान जसं आधी सांगता येतं तसा समाजही सांगता येईल. किती पाव खपतील, किती लग्नं मोडतील, लोक कधी रस्त्यावर उतरतील, सगळं. आधी एका गल्लीवर हे सिद्ध करून दाखवायचं ठरलं. गल्ली कुठली, तर हाताशी असलेली, म्हणजे माझी. बाई सकाळीच आपला अंदाज बंद करून ठेवत. मी संध्याकाळी टेबलावरची माणसं मोजून आकडा फोनवर पाठवायचा, मग त्यांचा आकडा माझ्याकडे यायचा. आधीच्या महिन्यांत थोडा फरक पडायचा. रमजान लागल्यापासून तोही पडेनासा झाला होता.

"उस्ताज बहगत, आज किती येणार ते आधीच सांगा ना," रिदा म्हणायचा. "उगाच भात जास्त होतो." रिदा आमच्या वरच्या मजल्यावर बापाबरोबर राहायचा. दिवसभर प्रवासी व्हॅन चालवायचा आणि संध्याकाळी टेबलावर वाढायचा.

"मलाच माहीत नसतं रे."

"मग बाईंना विचारा, माझं लग्न कधी होईल."

"त्या माणसांचे अंदाज करतात, चमत्कारांचे नाही."

तो पातेलं कडेवर घेऊन हसत पुढे जायचा.

त्या संध्याकाळी टेबलं भरली होती. सगळ्यांचे हात खजुरावर, कान मशिदीकडे. अशा वेळी गल्लीत जी शांतता पडते तिच्यात माशीचाही आवाज मोठा वाटतो. शेवटच्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी होती. मी सहज पाहिली, त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं.

अजान सुरू झाली आणि आमच्या इमारतीच्या दारातून मदाम सुहैर बाहेर आल्या. पहिल्या मजल्यावरच्या या बाई म्हणजे कस्टममधल्या मोठ्या साहेबाची विधवा. फुकटचं जेवण जेवणं सोडाच, जेवणाऱ्यांच्या बाजूने जाताना नाकाला रुमाल लावायच्या. त्या घरातल्या झग्यावर आल्या होत्या, केसांना गुंडाळ्या तशाच. एका पायात सपात होती, दुसरा पाय अनवाणी. त्या सरळ त्या खुर्चीवर बसल्या आणि खजूर खाऊ लागल्या.

"या मदाम, गल्ली उजळली!" रिदा ओरडला. त्यांना ऐकू गेलं नाही. घराबाहेर पडल्यावर गॅस बंद केला का, हे आठवत राहावं तसा त्यांचा चेहरा होता. आमटी संपली, भात संपला. मग त्यांनी हातातल्या चमच्याकडे पाहिलं, शेजारच्या हमालाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"मला इथे कुणी आणलं?" त्या म्हणाल्या.

मी आकडा पाठवला. बाईंचा आला. तोच होता. सुहैरबाई उठून आल्या नसत्या, तर एक कमी पडला असता.

२

मी समजूतदार माणूस आहे, निदान पगार तरी त्याचाच घेतो. सुहैरबाईंचं वय, दिवसभराचा रोजा, रक्तातली साखर, असं सगळं मी मनात व्यवस्थित लावलं. पण त्याच आठवड्यात चौकातला वाहतूक पोलीस गाड्या तशाच सोडून टेबलावर येऊन बसला. शिट्टी तोंडात होती, ती काढायचं त्याला सुचेना आणि तिच्या बाजूनेच तो आमटी ओतून घेत होता. लोक हसले. मीही हसलो, पण मला आधी दिसलं होतं की एक खुर्ची रिकामी आहे आणि दुसरीकडे जागा नाही.

इनायातबाईंची खोली संस्थेच्या मागच्या अंगाला होती. तिथे संगणकांचे पंखे सतत घुमत असत, इतके की पाच मिनिटांनी ते ऐकू येईनासे होत आणि बंद पडले तरच दचकायला व्हायचं. मी सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून कपाळ चोळलं. रोज्यात त्यांचं डोकं दुखायचं.

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

"योगायोग. माणूस म्हणजे तांदळाचा दाणा नव्हे, बाई. तो ठरवून तुमचा अंदाज खोटा पाडू शकतो."

"दाणा तांदळाचाच घे. शितावरून भाताची परीक्षा सगळेच करतात. मी उलटं करते. भात कधी शिजेल ते मी सांगू शकते, कुठलं शीत आधी फुटेल ते नाही सांगू शकत. प्रत्येक शीत मोकळं आहे. भात मोकळा नाही."

"आणि एखादं शीत शिजायचं नाही म्हणालं तर?"

"तर दुसरं शिजतं." हे त्या अगदी सहज बोलल्या.

मग त्यांनी त्या महिन्याचा बाकीचा अंदाज मला दाखवला. तो दाखवायचा नाही असा आमचाच नियम होता. पावांचं होतं, भांडणांचं होतं, आणि शेवटी होतं की ईदच्या आत मनाखिल गल्लीत दुखवट्याचा एक मांडव पडेल.

मी हसलोच. आमच्या गल्लीत डोळ्यांत मावणार नाहीत इतकी माणसं राहतात. महिन्याला त्यातलं एखादं जाणारच. त्यासाठी कशाला हवं शास्त्र? "हे तर आमचा न्हावीही सांगेल," मी म्हणालो.

"सांगेल की," बाई म्हणाल्या. त्या मात्र हसल्या नाहीत.

३

न्हाव्याने तर नावही सांगितलं असतं. रिदाचे वडील हाजी मितवल्ली तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. छातीत पाणी झालं होतं. आमच्या छतातून त्यांचा खोकला ऐकू यायचा. आधी खोकला, मग पलंगाची कुरकुर, मग रिदाची पावलं. माझी धाकटी बहीण विदाद रोज सूप घेऊन वर जायची. आईवडील गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. ती शाळेत भूगोल शिकवते आणि जगात कुठे काय आहे हे माझ्यापेक्षा तिला जास्त कळतं, असं तिचं मत आहे.

मांडववाल्या मुअल्लिम बय्यूमीने मला दारातच गाठलं. "उस्ताज, तुम्ही आकड्यांची माणसं. खांब आणून ठेवू का? ईदच्या तोंडावर माणसं मिळत नाहीत हो मला."

"लाज नाही वाटत? म्हातारा अजून श्वास घेतोय."

"घेऊ द्या की, मी कुठे अडवलंय? देव त्यांना शंभर वर्षं देवो. मी फक्त खांब ठेवतो." आणि त्याने ते जिन्याखाली आणून ठेवलेही.

गल्ली वाट पाहत होती. कुणी तसं बोललं नाही, पण येताजाता सगळ्यांची नजर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे जायची. आणि एके दिवशी खिडकी उघडून हाजी मितवल्ली स्वतः बाहेर वाकले आणि खाली खेळणाऱ्या पोरांवर खेकसले. डॉक्टरलाही आश्चर्य वाटलं. संध्याकाळी रिदाने टेबलावर सगळ्यांना गुलाबाचं सरबत वाटलं. मला त्याने मिठीच मारली. "उस्ताज, तुमच्या बाईंना सांगा, बाप माझा त्यांच्या हिशेबात बसत नाही!"

त्याला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. अशा गोष्टी गल्लीत भिंतींमधून झिरपतात. मी सरबत प्यालो. मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र आजूबाजूच्या चेहऱ्यांकडे बघत होतो. त्या महिन्यात गल्लीत कुणीच मेलं नव्हतं. ना कुणी म्हातारं, ना कुणाचं तान्हं.

४

रमजानातली दुपार म्हणजे आमच्याकडची खरी मध्यरात्र. दुकानं ओढलेली, माणसं झोपलेली, मांजरंसुद्धा गाड्यांच्या खाली. त्या दुपारी मला जाग आली ती गच्चीच्या लोखंडी दाराच्या आवाजाने. विदादची खोली उघडी होती. तिचा पलंग रिकामा होता आणि पलंगाशी एकच चप्पल होती.

मी जिने कसे चढलो ते मला माहीत नाही. गच्चीवर ऊन असं होतं की डोळे उघडवेनात. तारेवर कालचे कपडे कडक वाळले होते. विदाद कठड्याशी उभी होती. आमचा कठडा गुडघ्याएवढा आहे. किती वर्षं म्हणतोय उंच करून घेऊ.

"विदाद."

तिने मान वळवली. तोच चेहरा होता, सुहैरबाईंचा.

मी तिला हाताला धरून मागे ओढलं. ती सहज आली, तिने काही विरोध केला नाही. पाणी शिंपडल्यावर तिने डोळे मिचकावले आणि पहिलं काय केलं, तर मला झापलं. "वेडा आहेस का? तोंडात पाणी गेलं असतं तर रोजा मोडला असता ना!"

"तू इथे कशाला आलीस?"

"कपडे काढायला." मग तिने हात पाहिले. हातात कपडे नव्हते. "नाही. थांब. कुणीतरी कमी पडत होतं." ती स्वतःच चमकली. "हे मी काय बोलले, बहगत?"

त्या क्षणी माझं शास्त्र, माझी शंका, माझा पगार, सगळं गेलं चुलीत. जगात माझं म्हणून एकच माणूस आहे, आणि ते मी कुणाच्याही आकड्यात भरू देणार नव्हतो.

५

"जगलूलमामा वारला," मी विदादला सांगितलं.

"अरे देवा! कधी?"

"उद्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. जगलूलमामा ऑस्ट्रेलियात गेल्याला इतकी वर्षं झाली होती, की तो जिवंत आहे की नाही हे देवालाच ठाऊक. माझी युक्ती सोपी होती. आमच्याकडे माणूस परदेशात गेला तरी इथे दुखवटा होतो. प्रेत लागत नाही. फोन आला म्हणायचं, की कनाती लागतात, कुराण पढणारा येतो, बिनसाखरेची कॉफी फिरते. आणि आम्ही संस्थेत मरणं मोजत नव्हतो. मरणाची नोंद मागेपुढे होते, मांडव मात्र सगळ्या गल्लीला दिसतो, म्हणून आम्ही मांडव मोजायचो. अंदाजात मांडव होता ना? मग घ्या मांडव.

"आणि मामा जिवंत असला तर?"

"तर त्याचं आयुष्य वाढेल. खोट्या मरणाने वाढतं म्हणतात."

"रोज्याच्या तोंडाने तू एवढं खोटं बोलणार?"

"तुझ्यासाठी कुठल्याही तोंडाने बोलेन."

मग म्हणाली, "पण रडायचं कसं? मला त्याचं तोंडसुद्धा आठवत नाही."

"कांदा चिरायला घे."

"त्याचं नाकच आठवतं फक्त. मला हसू आलं तर तू जबाबदार."

बय्यूमीने जिन्याखालचे खांब काढून मांडव घातला. रात्रीच्या नमाजानंतर माणसं यायला लागली. मी दाराशी एकटा उभा होतो. एकेकाने हात हातात घेतला आणि गेलेल्याचं उरलेलं आयुष्य तुला लाभो, असं म्हटलं. पढणाऱ्याचा आवाज चांगला होता. कनाती वाऱ्याने हलत होत्या. हाजी मितवल्ली रिदाच्या खांद्यावर भार टाकून खाली उतरले आणि पहिल्या रांगेत बसले. "तुझ्या मामाने एकदा माझी सायकल चोरली होती," ते माझ्या कानात म्हणाले. "मी माफ केली, सांग त्याला." रिदा मागे उभा राहून हसू दाबत होता.

सगळं नीट पार पडत होतं. माझ्या जिवात जीव आला होता. फक्त एक गोष्ट मला खटकली. जाताना प्रत्येक जण मांडवाच्या दाराशी थांबायचा, मागे वळून खुर्च्यांवरून नजर फिरवायचा आणि मग बाहेर पडायचा. एखादी वस्तू विसरली का, हे बघावं तसा. पहिल्याने केलं तेव्हा मला वाटलं, चष्मा राहिला असेल. मग दुसऱ्याने केलं. मग सगळ्यांनीच केलं, आणि एकालाही आपण तसं करतोय हे कळत नव्हतं.

६

दुसऱ्या दिवशी मी इनायातबाईंकडे गेलो. मी स्वतःवर खूष होतो, खोटं कशाला सांगू? मी त्यांना गच्चीची आणि मांडवाची हकिगत तिखटमीठ लावून ऐकवली. "झाला तुमचा अंदाज पुरा. आता माझ्या बहिणीला सोडा," असंही म्हणालो.

खोलीत काहीतरी चुकत होतं आणि ते काय, हे मला कळायला वेळ लागला. पंखे घुमत नव्हते.

"ताप मोजायला नळी असते, बहगत," त्या म्हणाल्या. "तू नळी थंड पाण्यात बुडवून आलास. तापाला त्याचं काय?"

"म्हणजे?"

"मांडव आपण मोजायचो, कारण ते सोपं होतं. मोजायचं होतं ते मरण. तू इतकी वर्षं या कामात आहेस आणि तूच ही चूक केलीस?"

"मग अंदाज मागे घ्या. पुसून टाका."

"कधीच पुसला. ती कस्टमवाली बाई टेबलावर येऊन बसली ना, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी सगळं बंद केलं. तुला फक्त कळवलं नाही. तू आकडे पाठवायचास, मी तेच तुला परत पाठवायचे."

"पण माणसं तर तशीच उठून येत होती! कालसुद्धा..."

"हो."

"अंदाजच नाही, तर ती येतात कशाला? हे करतं कोण?"

"हवामानवाल्याने सांगितलं म्हणून वारा सुटत नाही." त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "मला वाटायचं, आपण शास्त्र करतोय. आपण फक्त भिंतीला कान लावला होता. पलीकडे मोजणी आधीपासूनच चालू होती."

मी त्यांना म्हणालो की विदादला घेऊन गावाला जातो, अलेक्झांड्रियाला जातो, कुठेही जातो. त्या म्हणाल्या, "तिथेही गल्ल्या आहेत." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. उठताना माझी नजर टेबलाखाली गेली. बाईंच्या एकाच पायात बूट होता.

७

ईद अगदी तोंडावर आली. मी कामावर जाणं सोडलं. घराच्या दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवली. विदाद आधी हसली, मग चिडली, मग माझा चेहरा बघून तिने वाद सोडला. "निदान घोरू नकोस," ती म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. झोपायचं नाही असं ठरलं होतं.

दुपार झाली. गल्लीतले आवाज एकेक करून बंद झाले. वाण्याचं शटर पडलं, कुणाच्या तरी घरातला रेडिओ थांबला. नळातून थेंब पडत होता. मी स्वतःला समजावत होतो. म्हणत होतो, बहगत, तू शिकलेला माणूस आहेस. एका पोरीला उन्हाने चक्कर आली, एका बाईचं संशोधन बंद पडलं म्हणून तिचं डोकं फिरलं, आणि तू घराला कुलूप लावून बसलायस. ईद झाली की तूच तुझ्यावर हसशील. हे मी पुन्हापुन्हा म्हणत होतो आणि ते मला पटतही होतं.

मग मला दिसलं की मी उभा आहे.

मी दाराशी उभा होतो. उठल्याचं मला आठवत नव्हतं. किल्ली कुलपात होती आणि ती फिरवणारा हात माझा होता. माझ्या शेजारी विदाद उभी होती, खांद्याला खांदा लावून, आणि आम्ही दोघंही अनवाणी होतो. मनात भीती नव्हती. कुठेतरी वेळेवर पोचायचंय आणि उशीर होतोय, एवढंच होतं. कुणीतरी कमी आहे, आपण गेलं पाहिजे. इतकी साधी, इतकी सरळ गोष्ट मला आयुष्यात दुसरी कुठली वाटली नव्हती.

तेवढ्यात वरचं दार उघडलं.

त्या आवाजाने मला जाग आली म्हणा, किंवा निम्मी जाग आली म्हणा. आमच्या डोक्यावर पावलं वाजली. अनवाणी, सावकाश, जिन्याच्या दिशेने. आणि मग हाजी मितवल्लींचा आवाज आला, अंथरुणातून, खोकल्यातून.

"रिदा? कुठे रे चाललास उन्हाचा?"

पावलं थांबली नाहीत. ती खाली आली नाहीत, वर गेली.

"रिदा! अरे बोलत का नाहीस?" पलंग कुरकुरला. म्हातारा उठायला बघत होता आणि त्याला उठवत नव्हतं. "बहगत! अरे बहगत, जरा बघ रे, हा पोरगा कुठे चाललाय!"

दार उघडायला माझ्या हाताला फक्त अर्धा फेरा बाकी होता. चार ढांगांत मी त्याला गाठला असता. मला ते कळत होतं. विदादलाही कळलं, कारण तिचे डोळे एकदम जागे झाले आणि तिने हाक मारायला तोंड उघडलं.

मी तिच्या तोंडावर हात दाबला.

तिने मला ढकललं, नखं मारली. मी तिला भिंतीशी रेटून धरलं. ती माझ्या तळव्याला कडकडून चावली, रक्त निघेपर्यंत, तरी मी हात काढला नाही. वर गच्चीचं लोखंडी दार वाजलं. हाजी अजूनही माझ्या नावाने हाका मारत होते. आमच्यात फक्त एक छत होतं.

मग माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. एकदम, कुणी उचलून घ्यावं तसं. पायांच्या तळव्यांना फरशीचा गारवा लागला. कुठेही जायचं नव्हतं आणि कशालाही उशीर होत नव्हता. विदादचं अंगही तसंच सैल पडलं, आणि हे तिलाही जाणवलं हे मला तिच्या डोळ्यांत दिसलं.

त्यानंतर गल्लीत कुणीतरी किंचाळलं.

८

तोल गेला, असं पोलिसांनी लिहून घेतलं. उन्हात गच्चीवर, रोज्याच्या पोटी, छत्रीसारखी ती टीव्हीची ताटली नीट करायला गेला असेल, असं गल्लीने आपसात ठरवून टाकलं. त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी मूठमाती दिली. संध्याकाळी टेबलं काढून बय्यूमीने त्याच खांबांवर मांडव घातला आणि कुणाकडूनही भाडं घेतलं नाही.

विदाद मांडवाकडे फिरकली नाही. ती घरातच होती. त्या दुपारपासून ती माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती. माझ्या ताटात जेवण वाढत होती, कपडे धूत होती, आणि मी खोलीत आलो की दुसऱ्या खोलीत जात होती. जिवंत होती. मी स्वतःला तेवढंच सांगत होतो.

मांडवात गर्दी मावत नव्हती. व्हॅन चालवणारी सगळी पोरं आली होती, सुहैरबाईंनी कॉफीचे पेले पाठवले होते. जाताना आज कुणी मागे वळून बघत नव्हतं. सरळ बाहेर पडत होते, काम झाल्यासारखे.

दाराशी हाजी मितवल्लींना खुर्चीवर बसवलं होतं. रांग सरकत होती. माझी पाळी आली तेव्हा मी वाकलो आणि माझा हात पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि दाबला. तळव्यावरची जखम ठणकली. त्यांनी वर बघून मला ओळखलं.

"बहगत," ते म्हणाले. "तुझं दार तर जिन्यालाच लागून आहे रे. मी हाका मारत होतो तुला. ऐकू नाही आल्या?"

माझ्या मागची माणसं थांबली होती.

"झोपलो होतो, हाजी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. हात मात्र सोडला नाही.